उम्म अल हस्समचं माहेर

नीला हेवा करणाऱ्यांतली नव्हती, असं ती स्वतः सांगायची. शेजारणीनं नवी गाडी घेतली की ही पेढे मागायला जायची. मराठी मंडळाच्या अध्यक्षपदी दीप्ती निवडून आली तेव्हा हारसुद्धा हिनंच आणला होता. पण गेल्या वर्षभरात तिच्या पोटात जे दुखायला लागलं होतं, त्याला ओवा चालत नव्हता. आणि दुखण्याचं कारण कुणाला सांगायची सोय नव्हती. बहरीनमध्ये जुफैरच्या उंच इमारतीत राहणाऱ्या, नवरा अकाउंट्सचा मोठा साहेब असलेल्या बाईनं उम्म अल हस्सममध्ये डबे करून विकणाऱ्या गंगूबाईचा हेवा करायचा, हे तोंडातून काढायचं तरी कसं?

बरं, या गंगूबाईला घरात आणलं कुणी? नीलानंच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

झालं होतं असं. नीलाचा एकुलता एक मुलगा राजस जर्मनीला शिकायला गेला, तिथंच नोकरीला लागला आणि बहरीनला परत आला तो रजिस्टर लग्न करूनच. बायको योहाना. जर्मन खरी, पण नीलाच्या मनात जर्मन म्हणून जे चित्र होतं त्यातली नव्हे. तिची आई गोरी जर्मन आणि बाप मोझांबिकचा, पूर्व जर्मनीतल्या कापडगिरणीत करारावर आलेला. दोन जर्मनी एक झाल्या, गिरणी बंद पडली आणि त्या सगळ्या कामगारांना विमानात बसवून परत धाडलं. योहाना तेव्हा आईच्या पोटात होती. आईनं काही वर्षं सांभाळली आणि मग परक्या घरी ठेवली. सरकार पैसे देतं आणि लोक पोरं वाढवतात, अशी तिकडे पद्धत आहे म्हणे. एका घरातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या, अशी पोर वाढली. पुढे आई गेली. बापाचा पत्ता कधी लागलाच नाही.

त्या गावात तिच्यासारखी दिसणारी ती एकटीच. दुकानात, शाळेत, बसच्या थांब्यावर लोक विचारायचे, "तू कुठली?" ती म्हणायची, "इथलीच." मग लोक समजूतदारपणे हसायचे. "ते झालं गं. पण खरी कुठली?" जन्म तिथला, भाषा तिथली, आणि तरी रोज नव्यानं दाखला द्यायचा. आता ती याच गोष्टीवर पुस्तक लिहीत होती, स्वतःच्या आयुष्याचं, जर्मनमध्ये. तिच्यासारख्या बायकांनी आधी अशी पुस्तकं लिहिली आहेत, स्वतःला आफ्रो-जर्मन हे नावही त्यांनीच दिलं, असं ती सांगायची. कॉलेजच्या लायब्ररीत तसलं पहिलं पुस्तक हाती लागलं, तेव्हा ती कपाटाशेजारी खाली बसून रडली होती. आपल्यालाच नाही, आणखी कुणालातरी हे विचारतात, एवढंच तिला त्या दिवशी कळलं होतं.

नीलाला सुरुवातीला धक्का बसला, हे लपवण्यात अर्थ नाही. पुण्याच्या वहिनीला सुनेचा फोटो पाठवताना तिनं मोबाइलमध्ये उजेड वाढवून पाठवला. वहिनीनं "गोड आहे हो" असं लिहिलं, त्या 'हो'वर नीला दोन दिवस धुमसत होती. पण पोरीनं सासूला जिंकायला फार वेळ घेतला नाही. ती वरणभात बोटं चाटून खायची, नीला बोलायला लागली की हातातलं काम ठेवून ऐकायची, आणि हसायची तर अशी की नीलाचा नवरा हेमचंद्रसुद्धा पेपर खाली ठेवायचा. नीला तर हरखून गेली. मुलगी नव्हती ना तिला. आपण किती आधुनिक आहोत हे दाखवायला पहिल्याच दिवशी ती म्हणून बसली, "मला आईबिई म्हणायची गरज नाही, नुसतं नीला म्हण." योहानानं लगेच ऐकलं. जर्मन माणसाला एकदा सांगितलं की सांगितलं.

मग नातेवाइकांसाठी इथं बहरीनमध्ये विधिवत लग्न लावायचं ठरलं. गुरुजी म्हणजे बँकेत नोकरी करून सुट्टीच्या दिवशी पूजा सांगणारे सद्गृहस्थ. त्यांनी विचारलं, "कन्यादान कोण करणार? जोडपं हवं." नीलानं आधी दीप्तीला विचारलं. दीप्ती म्हणाली, "अगं, आमच्या श्रेयाचं व्हायचंय ना अजून. तिच्याआधी दुसरीचं नको, असं सासूबाई म्हणतात." सासूबाईंना वारून चार वर्षं झाली होती. मंडळातला प्रशांत आणि त्याची बायको नेमके लीव्हवर निघाले. आणखी एकीनं "बघते" म्हटलं आणि फोनच उचलला नाही. का, ते नीलाला कळत होतं. तिनं कळून घेतलं नाही, एवढंच.

शेवटी तिला पांडुरंग आठवला. हेमचंद्रच्या कंपनीची व्हॅन चालवणारा, मालवणकडचा. त्याची बायको गंगूबाई. मूलबाळ नाही. नीलाच्या डोक्यात हिशेब पक्का होता. ही माणसं पाटावर बसतील, पाणी सोडतील, साडी-शर्टपीस घेऊन घरी जातील. विहीण म्हणून मान मागणार नाहीत, की रुसून बसणार नाहीत. गरज सरो, वैद्य मरो. ती उम्म अल हस्समला त्यांच्या दारात गेली तेव्हा पांडुरंगानं एवढंच विचारलं, "उपास धरूचो लागतलो काय?" "हो, कन्यादान होईपर्यंत." "मफी मुश्किल," तो इथल्या अरबीत म्हणाला, म्हणजे काही अडचण नाही. गंगूबाई आत ओट्याशी उभी होती. तिनं पदर डोळ्यांना लावला, आणि नीलाला वाटलं, कांदा चिरत असेल.

लग्नात मंत्र कोण ऐकतं? फोटोग्राफर ओरडत होता, पोरं धावत होती, बायका एकमेकींच्या साड्यांना हात लावून बघत होत्या. ऐकत होती ती एकटी योहाना. ती गुरुजींना प्रत्येक ओळीचा अर्थ विचारायची आणि गुरुजीही खूश होऊन इंग्रजीत सांगायचे. मुलीचं नाव बदलायची वेळ आली, नीलानं तांदळाच्या ताटात लिहायला 'जान्हवी' ठरवून ठेवलं होतं. योहाना नम्रपणे म्हणाली, "नाव राहू दे. तेवढंच एक माझ्याबरोबर सगळ्या घरांतून आलंय." त्याआधी, कन्यादानाला, गंगूबाईनं झारीनं पाणी सोडलं, आणि सोडता सोडता अशी हुंदके देऊन रडली, की जणू आयुष्यभर वाढवलेली लेक निघालीय. नीलाला ते नाटकी वाटलं. योहाना मात्र तिच्याकडे बघतच राहिली.

आणि दुसऱ्या दिवसापासून गंगूबाईनं नीलाला 'म्याडम' म्हणायचं सोडलं. एका रात्रीत नीला 'विहीणबाय' झाली.

तिथून जी गाडी सुटली ती सुटलीच. योहाना दर शुक्रवारी उम्म अल हस्समला जायला लागली. येताना हातात पिशवी. कधी कुळथाची पिठी, कधी सोलं, कधी तळलेले बांगडे, ज्यांच्या वासानं जुफैरची लिफ्ट दरवळायची. दिवाळीच्या पहाटे पोरगी तेल लावून घ्यायला तिकडे. मराठी शिकली तीही तिकडूनच. नीलानं पुण्याच्या शुद्ध मराठीचे धडे मोबाइलवर घालून दिले होते, आणि सूनबाई एक दिवस टेबलाशी बसून म्हणाल्या, "माका भूक लागली." हेमचंद्र पोट धरून हसला. नीला हसली नाही. गंगूबाईला 'आये' आणि आपण 'नीला'! आपल्याच तोंडानं मागून घेतलेलं, तक्रार कुणाकडे करायची?

गंगूबाईच्या इमारतीखाली कोल्ड स्टोअर, म्हणजे आपलं वाण्याचं दुकान, होतं. तिथल्या शहजादनं एकदा विचारलं होतं, "आंटी, ये मॅडम कहाँ की?" नीला तेव्हा योहानाला सोडायला आली होती, पाण्याची बाटली घेत शेजारीच उभी. योहाना सवयीनं तोंड उघडणार, तेवढ्यात गंगूबाई कडाडली, "हमारी है. बेटी है. और किधर की?" शहजाद म्हणाला, "माशाल्ला." संपला विषय. योहानाचा चेहरा त्या क्षणी असा उजळला की नीलाला तो बघवेना. हे उत्तर आपल्याला का सुचलं नाही? आपल्याला कुणी विचारलं की आपण म्हणतो, "जर्मनीची आहे. म्हणजे फादर आफ्रिकन." सविस्तर, व्यवस्थित.

आता खरं दुखणं सांगायचं तर नीलाचं स्वतःचं माहेर संपलं होतं. आई गेली, आणि मागल्या वर्षी भावानं कोथरूडचा फ्लॅट विकला. नीला पुण्याला गेली तर वहिनी "आधी कळव हं, म्हणजे गेस्टरूम रिकामी ठेवते" म्हणायची. वयाची साठी जवळ आली आणि जायला घर नाही. आणि ही पोरगी, जिला जन्मापासून नव्हतं, तिला आयतं मिळालं. कुणाचा हेवा वाटतोय, आये झालेल्या गंगूबाईचा की माहेर मिळालेल्या योहानाचा, हे नीलाला स्वतःलाच नीट सांगता आलं नसतं. दोघींचाही वाटत होता.

त्यात योहानाला दिवस गेले. गंगूबाईला ते आधी कळलं. पोरीला बांगड्याच्या वासानं मळमळलं आणि आयेनं ओळखलं. सासूला दुसऱ्या दिवशी. नीलानं तेही गिळलं. मुलगा आणि सून त्याच इमारतीत दोन मजले खाली राहत होते, पण तिनं आपल्याच घरातली खोली रंगवून घेतली, पाळणा जोडून घेतला, खिडकीला जाड पडदे लावले. सलमानिया हॉस्पिटलात नाव घातलं होतं; तिथून बाळ-बाळंतीण सरळ इथं येतील, सव्वा महिना आपण हातानं सगळं करू. ही एक गोष्ट तरी आपली. खोली दाखवली तेव्हा योहानानं पाळण्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "किती सुंदर. पण पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना? आयेनं सांगितलंय."

आयत्या बिळावर नागोबा, असं नीला मनात म्हणाली. तोंडानं म्हणाली, "बघू."

मंडळानं महिला दिनाला योहानाचं वाचन ठेवलं ते या सगळ्यानंतर. पुस्तक जर्मनीत यायच्या बेतात होतं, त्यातला काही भाग ती इंग्रजीत करून वाचणार होती. नीला पैठणी नेसून पहिल्या रांगेत बसली. आज आपल्यावर काहीतरी असणार, याची तिला खात्री होती. सासू-सुनेच्या नात्यात आपल्याइतकं चांगलं कोण वागतं? वडे-चटणीची ऑर्डर गंगूबाईकडे होती, त्यामुळे ती मागच्या दाराशी पातेल्यांजवळ उभी. तिला इंग्रजी येत नव्हतं.

योहाना वाचायला लागली. आधी ते गाव, ती घरं, तो प्रश्न. मग म्हणाली, "मी मोठी झाले, माझं लग्न झालं, आणि त्या दिवशी मला आई-वडील मिळाले. एक बाई माझ्या हातावर पाणी सोडत होती आणि रडत होती. मी विचारलं, ती काय म्हणतेय? गुरुजी म्हणाले, ती म्हणतेय की ही माझी आहे, मला सगळ्यांत लाडकी आहे, आणि तरी मी देतेय. मी म्हटलं, पण हिनं मला कालच पहिल्यांदा पाहिलंय. गुरुजी म्हणाले, मंत्रात तसं काही लिहिलेलं नाही. हॉलमध्ये कुणी ऐकत नव्हतं. आम्ही दोघीच ऐकत होतो." त्या प्रकरणाचं नाव तिनं जर्मन पुस्तकातही तसंच ठेवलं होतं, 'माहेर'.

सगळ्या बायका माना वळवून मागं पाहायला लागल्या. गंगूबाईला वाटलं, वड्यांचं काहीतरी बिनसलं, तिनं घाईनं झाकण काढून पाहिलं. नीला मात्र मागं वळली नाही. खोली रंगवणारी मी, ताठ मानेनं हिला मंडळात फिरवणारी मी, आणि पुस्तकात कोण? योहानानं पान उलटलं, तेवढ्यात दीप्तीनं हसून हात वर केला. "सुंदर, सुंदर! पण वडे गार होतायत बरं का." लोक उठले. टाळ्यांच्या गडबडीत दीप्ती वडा खात चारचौघींना सांगत होती, "आधी नीलानं मलाच विचारलं होतं कन्यादानाचं. नाहीतर आज पुस्तकात मी असते!" विनीत, तिचा नवरा, तिचा दंड धरून तिला गप्प करू पाहत होता, पण ती काय ऐकते!

परत जाताना नीला गाडी चालवत होती, योहाना शेजारी. राजस शिफ्टवर होता. योहानानं विचारलं, "कसं वाटलं?" आणि नीलाचा बांध फुटला.

"खरं सांगू? ते कन्यादान नुसती फॉर्मॅलिटी होती. कुणीतरी पाटावर बसायला हवं होतं. दीप्तीला विचारलं, ती नाही म्हणाली. प्रशांत पळाला. एकीनं फोन उचलला नाही. कुणीच उरलं नाही तेव्हा मी पांडुरंगाकडे गेले. ते म्हणजे माझी सोय होती. आणि तू त्याच्यावर पुस्तक लिहितेस! माहेर म्हणे!"

बोलून झालं आणि तिला एकदम हलकं वाटलं. ते जेमतेम सिग्नलपर्यंत टिकलं.

योहाना समोर बघत होती. मग हळू म्हणाली, "ते तू ठरवलंस हे मला माहीत होतं. पुढचं पान तेच होतं. दीप्तीनं थांबवलं."

"काय होतं पुढच्या पानावर?"

"की आयुष्यभर लोकांनी मला विचारलं, तू खरी कुठली. एका बाईनं कधीच विचारलं नाही. उलट मी कुठली तरी असावी म्हणून ती दारोदार हिंडली, आणि मला घर मिळवून दिलं. ती बाई माझी सासू." तिनं वाचनाची पानं घडी करून पर्समध्ये टाकली. "मला वाटलं होतं तू शोधून दिलंस. जे उरलं ते दिलंस, हे माहीत नव्हतं. गाडी वळव, नीला. मला आयेकडे सोड."

नीलानं गाडी वळवली. दुसरं काय करणार होती?

चार-पाच दिवस योहाना परत आली नाही. राजस वर आला, उभ्याउभ्याच विचारलं, "व्हॉट डिड यू से टू हर, आई?" नीला म्हणाली, "काही नाही." हेमचंद्र म्हणाला, "अगं, तू जाऊन ये." नीला म्हणाली, "मी का जाऊ?" आणि शुक्रवारी दुपारी गेली.

दार गंगूबाईनं उघडलं. "येवा, म्याडम," ती म्हणाली.

म्याडम! म्हणजे पोरीनं सगळं सांगितलेलं दिसतंय. आत पांडुरंग मान खाली घालून बसला होता, तो "नमस्कार" म्हणून गॅलरीत गेला. स्वयंपाकघरातून फोडणीचा आवाज येत होता; योहाना तिथं होती, बाहेर आली नाही. गंगूबाईनं पाण्याचा ग्लास समोर ठेवला, उंबऱ्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"म्याडम, एक इचारतंय. खरां सांगा. त्या दिवशी दीप्तीम्याडम वडे खाताना सगळ्यांका सांगी होती, आदी तेका इचारलास, ती नको म्हणाली, म्हणान आमच्याकडे इलास. खरां काय ह्यां?"

नीलानं पाण्याचा ग्लास उचलला.

"माझा काय नाय हो. मी डबेवाली. आमका कोण इचारता? पण मी गावाक भावाक सांगलंय, एवडी मोठी मोठी माणसां मंडळात, पण म्याडम माझ्या दारात इली. वर्सभर सांगतंय सगळ्यांका. आणि ह्या चेडवाक ह्यां कळला तर तेका काय वाटात? आधीच तेका सगळ्यांनी टाकलेला. मी अजून एक शब्द बोलाक नाय तेच्याकडे."

म्हणजे पोरीनं आयेला सांगितलं नव्हतं. आणि आयेनं पोरीला. दोघी एकाच घरात, एकाच चुलीशी उभ्या राहून चार-पाच दिवस एकमेकींपासून तीच गोष्ट लपवत होत्या. नीलानं वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात योहाना उभी होती, हातात पळी. किती ऐकलं, किती कळलं, कोण जाणे. पण 'दीप्ती' आणि 'म्याडम' एवढे शब्द तिला पुरे होते.

एक 'हो' म्हटलं की झालं. गंगूबाई मानी बाई होती. उरलंसुरलं म्हणून मिळालेली लेक तिनं दुसऱ्या दिवशी हात जोडून परत केली असती. रंगवलेली खोली भरली असती. पाळणा हलला असता. वर्षभर पोटात दुखत होतं ते एका शब्दात थांबलं असतं, आणि तो शब्द खोटाही नव्हता. नीलाच्या जिभेवर तो आलाही होता, हे इथं सांगायला हवं.

"दीप्तीला पुढं पुढं करायची सवयच आहे," ती म्हणाली. "पुस्तकात नाव यायला लागल्यावर सगळ्यांनाच आठवतं. मी तिला कशाला विचारीन? मी पहिली तुमच्याच दारात आले."

"देवाशप्पथ?"

"देवाशप्पथ."

गंगूबाईनं तिच्याकडे टक लावून पाहिलं, आणि मग तिचा सगळा चेहरा सैल झाला. "माका वाटलाच! थांबा, उद्या त्या दीप्तीच्या तोंडार जावन सांगतंय, माझी विहीण काय म्हणता ता. अहो, आयकलात? यल्ला, भायर कित्याक उभे? भूतूर येवा!"

पांडुरंग आत आला. नीला खुर्चीला टेकली. उद्या संध्याकाळपर्यंत मंडळात काय होणार हे तिला दिसत होतं. वीस वर्षांची मैत्रीण गेली. ती कशीबशी म्हणाली, "आणि पहिलं बाळंतपण माहेरीच असतं. पाळणा मी राजसबरोबर इकडे पाठवते." हे बोलताना तिचा आवाज फाटला. कुणी तसं दाखवलं नाही.

योहाना दारातून हलली. तिनं जमिनीवर पानं मांडली, एक जास्तीचं मांडलं, आणि त्या घरची लेक पाहुण्यांना म्हणते तसं म्हणाली, "नीला, जेवन जा."

नीला जेवली. कालवण इतकं चांगलं होतं की तिला त्याचाही राग आला. "मीठ किंचित पुढं आहे," ती म्हणाली, आणि गंगूबाईनं खुशाल मान डोलावली.

निघताना योहाना तिच्याबरोबर खाली गाडीपर्यंत आली. त्या पानाचं काय केलंस, हे नीलाला विचारायचं होतं. तिनं विचारलं नाही, आणि योहानानंही आपणहून काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "दीप्ती आता तुझ्याशी बोलणार नाही."

"खलास," नीला म्हणाली.

योहाना हसली. तिनं एक पिशवी नीलाच्या हातात दिली. "आयेनं दिलीय. रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणाली." आणि पोट सावरत जिना चढून गेली.

गाडीत बसल्यावर नीलानं पिशवी उघडली. सोलं, कुळथाची पिठी, आणि स्टीलच्या डब्यात अजून गरम असलेलं कालवण. झाकण सुटू नये म्हणून फडक्यानं घट्ट बांधलेलं. आई अशीच गाठ मारायची, कोथरूडहून एअरपोर्टला निघताना, आणि हेमचंद्र दर वेळी म्हणायचा, कस्टमवाले उघडतील. आई गेल्यापासून नीलाला कुणी काही बांधून दिलं नव्हतं. वहिनी एअरपोर्टची टॅक्सी बुक करून द्यायची.

आणि त्या पोरीला हे दर शुक्रवारी मिळतं! पोटात पुन्हा दुखायला लागलं, पहिल्यापेक्षा जास्त. एसी लावून, काचा बंद करून नीला रडली. कोल्ड स्टोअरच्या दारात शहजाद पाण्याची खोकी उतरवत होता, त्यानं पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. मग तिनं डोळे पुसले आणि गंगूबाईला फोन लावला.

"गंगूबाई, विचारायचं होतं... पुढच्या शुक्रवारी मीही आले तर चालेल का? तुम्हाला काही काम नसेल तर. आधी कळवलेलं बरं."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.

"विहीणबाय," गंगूबाई म्हणाली, "माहेराक येवक कोण इचारता काय? येवा. आणि येताना माझो डबो तेवढो घेवन येवा."